वाकड्या मानेचा दिवा

मित्रांनो, माझ्या वाकड्या मानेला हसू नका. मी एक जुना टेबलदिवा आहे, आणि ही मान हेच माझं भांडवल.

कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला सरळ होतो. एका इतिहासकार बाईंनी मला घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी स्क्रू ढिला करून माझी मान पार टेबलाला टेकवली. मी चक्रावलोच! बाई मध्ययुगीन युरोपाचा अभ्यास करत. त्या काळी कातड्यावर लिहीत आणि कातडं महाग, म्हणून जुना मजकूर खरवडून वर नवा लिहीत. वरून उजेड पाडला तर खालचं काही दिसत नाही. तिरपा पाडला की लेखणीचे चर सावलीने उठून दिसतात. एकदा एका राजाच्या कौतुकाखाली आम्हाला पाव भाजणाऱ्या बाईचं नाव सापडलं. बाईंचं त्यामुळे केवढं नाव झालं!

पण दारात उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीचं, ठमीचं काय?

"आई, चल ना."

"आलेच गं ठमे, एवढी ओळ होऊ दे."

ती ओळ काही संपत नसे. एके दिवशी रुसलेल्या ठमीने कंपासच्या टोकाने टेबलाच्या एका कोपऱ्यावर हलकेच कोरलं, 'आई, मी इथे आहे.' मग घाबरून तिने वर पॉलिश चोळलं. बाईंना ते माझ्या उजेडात दिसलंच. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि कोरड्या टाकाने खाली काहीतरी उमटवलं. त्या कोपऱ्यावर पुन्हा कधी कागद ठेवला नाही. ठमी वाचेल म्हणून वाट मात्र पाहिली. ठमीला काय ठाऊक? आणि मला तोंड कुठे होतं?

बाई गेल्या. विद्यार्थ्यांनी पुस्तकं नेली. ठमी आता मोठी झालेली, तिने टेबलाला नि मला भंगारात काढलं. त्याआधी माझी मान सरळ करून घेतली. माझा जीव टांगणीला लागला.

भंगारवाला म्हणाला, "ताई, चालतो का बघू?"

त्याने बटण दाबलं. माझा जुना स्क्रू सुटला आणि मान धपकन टेबलावर आली. ठमी वाकून बघतच राहिली. तिच्या अक्षरांखाली आईचं अक्षर होतं, 'दिसतेस गं.'

"अगं, मग तोंडाने सांगायचंस ना!" ती रडत टेबलाला म्हणाली.

टेबल गेलं नाही, मीही गेलो नाही. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिरपा उजेड पाडून बघा. माणसांना मात्र तेवढी वाट बघायला लावू नका.