दर अकरावा टाका

मी सात नंबरच्या टेबलावरचं शिलाई मशीन बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मी दर अकरावा टाका सोडायचो की बारावा, हेसुद्धा मला कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. राग मात्र स्वच्छ आठवतो.

कारखान्यातून मी थेट टीव्हीच्या स्टुडिओत आलो. उतरवताना हमालांनी आपटलं, तेव्हापासून टाका सुटू लागला. दुरुस्त कोण करणार? तिथे सगळं रंगवून झाकायची पद्धत होती.

स्टुडिओत ड्रॅगची स्पर्धा चाले. पुरुष स्पर्धक गाऊन शिवत, बायकांचा साज चढवत आणि परीक्षकांपुढे तोऱ्यात चालत. दर आठवड्याला एक जण घरी जाई. कपडा स्टुडिओतच, स्वतःच्या हाताने शिवायचा, हा नियम.

माझ्या वाट्याला मास्तर आला. शिंप्याचा मुलगा, म्हणून मास्तर. शेजारच्या टेबलावर ‘झुंबर’ म्हणून मिरवणारा स्पर्धक होता.

“मास्तर, तुझ्या मशीनला उचकी लागलीय का रे?”

“माझ्या आत्यासारखं आहे ते. बोलता बोलता एखादा शब्द गिळतं.”

मला ते लागलं. पण त्याचा हात माझ्यावर इतका हलका होता की मी पुढचे टाके घालत राहिलो.

तीन दिवस आम्ही हिरवा गाऊन शिवला. बाहेरच्या शिवणीत मी सोडलेला एकेक टाका तो सुईने भरून काढी. आतल्या शिवणी तशाच ठेवून त्याने वर अस्तर लावलं. “आत कोण बघतंय!” म्हणाला आणि हसला.

“तुझे वडील बघतात का कार्यक्रम?” झुंबरने विचारलं.

“बघतात. बोलत नाहीत, पण बघतात. मी बायकी कपडे घालतो, हे त्यांनी कसंबसं गिळलंय. शिलाईत लबाडी केली असं वाटलं, तर मात्र मी त्यांना मेलो.” मग दाताने दोरा तोडत म्हणाला, “ते शेवटी तिहेरी गाठ मारतात. मला एकच पुरते.”

परीक्षण त्याच दालनात झालं. परीक्षक बाईंनी गाऊनवरून नख फिरवलं. “इतकी सफाई? तीन दिवसांत? हा बाहेरून आणलाय.”

“नाही ताई. उलटून बघा ना. अस्तर उसवा, आत टाके सुटलेत.”

“टाके सुटलेत म्हणून शाबासकी देऊ?”

सगळे हसले. तीन दिवस माझ्या सुईवर कॅमेरा रोखलेला होता! ती फीत कुणी मागवली नाही. अस्तर उसवायला दोन मिनिटं लागली असती. पण भांडण प्रेक्षकांना आवडतं, शिवण नाही. झुंबरने सगळं पाहिलं होतं. तो आपली नखं निरखत बसला. त्या आठवड्यात गाऊन घेऊन मास्तरच घरी गेला. प्रसारणात ‘उलटून बघा’ हे शब्द कापले होते. मास्तरचा रंग ओघळलेला चेहरा तेवढा सावकाश दाखवला.

मी लोखंडाचा. मला ओरडता येत नाही. आला असता आवाज, तर त्या दालनाचे दिवे फोडले असते.

हंगाम संपल्यावर मला मोडीच्या भावात विकलं. कपडे सैल-घट्ट करून देणाऱ्या एका बाईंच्या दुकानात मी आलो. त्यांनी सवयीने माझे सुटलेले टाके सांभाळून घेतले.

बऱ्याच वर्षांनी दुकानात एक बाई आली. पिशवीतून हिरवा गाऊन काढला.

“दादाचा आहे. पोट सुटलंय त्याचं, कमरेत सैल करून द्या. टीव्हीवर त्याला चोर ठरवलं, तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. मागच्या महिन्यात गेले. हा त्यांच्या ट्रंकेत निघाला.”

दुकानवाल्या बाईंनी गाऊन उलटा केला, अस्तर उसवलं आणि आतले टाके बोटाने मोजले. मग एक चिंधी माझ्याखाली सरकवून टीप मारली आणि तीही मोजली. अकरावा. दोन्हीकडे दर अकरावा.

“ताई, हा याच मशीनवर शिवलाय. पण अस्तर आधी कुणीतरी उसवून हाताने परत शिवलं होतं. ही बघा गाठ.”

बहिणीने चष्मा लावला आणि गाठ नखाने चाचपली.

तिहेरी होती.