कागदावर टेक्सासची

अमितचा हेतू चांगला होता म्हणे. त्या हेतूला काय जाळायचंय!

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजारपणातून उठलेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतःच्या हाताने करायला शिकवते. राहते हर्नडनला, म्हणजे व्हर्जिनियात. पण राज्याराज्यांतल्या करारामुळे शेजारच्या मेरीलँडमध्येही वेगळं लायसन्स न काढता मला काम करता यायचं. तिथे माझ्या पेशंट शोभनाकाकू होत्या. स्ट्रोकने उजवा हात गेलेला. त्यांचं मागणं एकच, वरणभात आपल्या हाताने खायचा. चार महिन्यांत घास ओठांपर्यंत यायला लागला होता.

मग माझ्या नवऱ्याला, अमितला, टेक्सासमधल्या फ्रिस्कोत नोकरी लागली. आम्ही जूनमध्ये जाणार होतो. मार्चमध्ये नुसतं भाड्याचं घर ठरवायला गेलो, तर हा बाबा मला थेट तिथल्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या रांगेत घेऊन गेला. आलोच आहोत तर उरकून टाकू, म्हणाला. बारा वर्षं व्हिसावर काढलेला माणूस, सामान हलायच्या आधी याचे कागद हलतात. आणि मी शहाणी, व्हर्जिनियाचं लायसन्स काउंटरवर जमा करून मोकळी झाले.

एप्रिलमध्ये मेरीलँडची परवानगी रिन्यू करायची होती. घरच्या राज्याचा पुरावा मागितला. माझ्याकडे टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स, आणि टेक्सास त्या करारातच नाही. अर्ज रिजेक्ट! फोनवरच्या बाईला चारदा सांगितलं, मी अजून हर्नडनलाच राहते, इथेच भांडी घासते. ती गोड आवाजात म्हणत राहिली, कागदावर तुम्ही टेक्सासच्या. मेरीलँडचं स्वतंत्र लायसन्स काढायला दोन-तीन महिने. काकूंसाठी दुसरी थेरपिस्ट शोधली, तर तिथेही वेटिंग लिस्ट. डोकं फुटायची वेळ आली.

पाच आठवड्यांनी काकूंना भेटायला गेले, नुसती पाहुणी म्हणून. बोटं पुन्हा आवळली होती. त्यांनी घास उचलला, तो छातीशीच अडला. कोपराला जरा आधार दिला असता तर पुढे गेला असता. पण परवानगी नसताना उपचार केले तर माझं सगळंच काम बंद. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "माझं काही चुकलं का गं, सुलेखा?"

नाही हो काकू, कागदांची भानगड आहे, म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. घास ताटात ठेवून त्यांनी मुलाला हाक मारली.

"शिव, चमचा आण. तूच भरव."