पत्र्यापासून पाच पावलं

फुटबॉल संपला, असं आम्ही वटारमध्ये दर रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास जाहीर करतो. एरॉल आणि एमिली चर्चमधल्या मिस्साहून येतात, विघ्नेश गोखिवऱ्याहून स्कूटरवर येतो, मी वाडीतून केळीच्या डागांचा शर्ट घालून येतो, आणि मैदानाच्या बांधावर बसून चौघं मिळून खेळाला अग्नी देतो. पुढच्या रविवारी तो परत जिवंत झालेला असतो. मग परत.

विघ्नेश सातव्या मजल्यावर राहतो आणि इंग्लंडमधल्या एका क्लबला 'आपण' म्हणतो. एमिली लग्नांचं ड्रोन शूटिंग करते, त्यामुळे माणसांबद्दल तिचं मत वाईट आहे. तिचा मोठा भाऊ एरॉल आमच्या टीमचा लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेनं धावणारा, वय तेहतीस. मी यतीन. मला खेळता येत नाही, म्हणून मी निवड समितीत आहे.

त्या रविवारी दुपारी चारला आमची होळी गावाशी फायनल होती, त्यामुळे खेळाचा अंत्यविधी जरा लवकर सुरू झाला.

"अठ्ठेचाळीस टीम," विघ्नेश म्हणाला. "वर्ल्ड कप आहे की पंगत?"

"पंगतीला निदान तिकीट नसतं," एमिली म्हणाली.

"आणि प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटं पाणी प्यायला ब्रेक. म्हणजे जाहिराती. त्यांना बावीस मिनिटांनी पाणी. आमच्या सोसायटीला दोन दिवसांनी, ते पण टँकरचं, आणि टँकरवर उमेदवार शत्रुघ्न शेठचा फोटो."

"क्लब पूर्वी गावाचा असायचा," मी म्हणालो. "आता ज्याच्याकडे तेल त्याचा."

"पक्षांचं वेगळं आहे का?" एमिली म्हणाली. "आमच्या वॉर्डातला एक जण गेल्या महिन्यात सकाळी एका पक्षात होता, दुपारी दुसऱ्यात. संध्याकाळी फेस्ताला आला तेव्हा फादरनी विचारलं, सध्या कुठे असता."

"फुटबॉलमध्ये क्लब बदलायची ट्रान्सफर विंडो निदान बंद तरी होते," विघ्नेश म्हणाला.

एरॉल गवताची काडी सोलत होता. त्याला माहीत होतं की आता विंगरचा विषय निघणार.

निघाला. विघ्नेशचा सिद्धान्त असा, की विंगर ही जात नष्ट झाली आहे. आता सगळे मधूनच खेळतात, बाजू कोणी वापरत नाही. आमच्याच गावात बघा, म्हणाला, चार वर्षांपूर्वी खेळ कसा रुंद होता आणि आता बावीस माणसं वन रूम किचनमध्ये राहिल्यासारखी खेळतात. जगाचा प्रवाह वटारपर्यंत पोहोचलाय. त्यानं यावर अडतीस पानांचं प्रेझेंटेशन केलं होतं. त्यात बाण होते.

"मला बाण नको दाखवू," एरॉल म्हणाला. "मला खेळवणार का ते सांग."

हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी बांधाकडे बघितलं.

एरॉलची धाव अख्ख्या पश्चिम वसईत माहीत होती. मैदानाच्या टोकाला पंपाची खोली आहे. तिचं दार डोळ्याच्या कोपऱ्यात आलं की तो सुटायचा, डावीकडे तिरक्या अकरा ढांगा टाकायचा, रेषेला चिकटून आत वळायचा आणि गोलसमोर क्रॉस मारायचा. बारा वर्षांचा असल्यापासून हेच. खाली कधी बघायचा नाही. पण गेली तीन वर्षं अकरावी ढांग रेषेबाहेर पडायला लागली होती. आधी थोडी, मग पुष्कळ. गेल्या मॅचला आठ वेळा. लोक हसायचे. तो वसईला जाऊन डोळे तपासून आला, डॉक्टर म्हणाले उत्तम आहेत. मग गुडघे तपासले. तेही उत्तम. अशा वेळी आम्ही तज्ज्ञांनी काय निष्कर्ष काढायचा? वय झालं.

"आज घे मला," तो म्हणाला. "आज बाहेर गेलो तर मीच बसतो. कायमचा. तुम्हाला सांगायची लाज नको."

निवड समितीनं, म्हणजे मी, बरं म्हटलं. कुणाला लाज नको असेल तर मी कोणताही निर्णय घेऊ शकतो.

मैदान खरं तर दिनानाथ काकांचं शेत; पूर्वी भात कापून झालं की गावातली पोरं इथेच खेळायची. मजूर मिळेनात म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी भात लावणं सोडलं. जमीन आम्हाला फुकट देतात, अट एकच: रेफरी तेच. त्यांना ऑफसाइड मान्य नाही. पुढे उभं राहणं हा गुन्हा कसा, असं ते विचारतात, आणि आजवर कुणाला नीट उत्तर देता आलेलं नाही.

पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत माजतं. डिसेंबरात आम्ही ते कापतो, बांबूचे गोलपोस्ट रोवतो आणि फक्की मारतो. उजवी रेषा बांधापासून पाच पावलं. डावी रेषा पत्र्याच्या कुंपणापासून पाच पावलं. दोन्हींच्या मध्ये दोरी धरून गोल. ही आमची पद्धत, टेप कोण आणणार. पावलं माझी, कारण निवड समितीला दुसरं काम नसतं. माझी पावलं गावात अचूक मानली जातात.

पत्र्यापलीकडे शत्रुघ्न शेठचं लग्नाचं लॉन. ते यंदा निवडणुकीला उभे होते, त्यामुळे त्यांना अचानक फुटबॉल आवडायला लागला होता. त्यांनी सहाशे टी-शर्ट वाटले, छातीवर स्वतःचा चेहरा. शिवाय व्हिडिओ बघून निर्णय द्यायचा व्हीएआर दिला. म्हणजे लॉनमधला मोठा स्क्रीन पत्र्यावरून मैदानाकडे वळवला आणि एमिलीला दिवसाच्या भाड्यानं ड्रोनसकट घेतलं. जगात जे आहे ते माझ्या वॉर्डात पाहिजे, असं त्यांचं भाषण झालं. रस्ते जगात आहेत, हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

पहिला हाफ नेहमीसारखा झाला. सगळे मध्ये. एकाला ढकललं की पाच पडायचे. मी कॉमेंटरी करत होतो आणि 'वटार फाट्यावरच्या वाहतुकीसारखं दृश्य' हे वाक्य चार वेळा वापरलं.

दुसऱ्या हाफमध्ये एरॉलला बॉल मिळाला. समोर कोणी नव्हतं. पंपाच्या खोलीचं दार, आणि तो सुटला. मी बोलायचं थांबलो. तो वळला, क्रॉस मारला, आमच्या माणसानं डोकं लावलं, गोल.

लाइनमनचा झेंडा केव्हाच वर होता.

"चष्मा लाव रे बाबा," कुणीतरी ओरडलं. सहाशे शत्रुघ्न शेठ पोट धरून हसले.

खऱ्या शत्रुघ्न शेठनं माझ्या हातातला माइक घेतला. स्क्रीनचे पैसे दिले होते आणि अजून कोणी वापरला नव्हता. "व्हीएआर होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "पारदर्शक कारभार."

एमिलीनं क्लिप लावली. स्क्रीनवर तिचा भाऊ पूर्ण दोन ढांगा बाहेर, पत्र्याला जवळजवळ घासून वळला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एरॉलसाठी नाही, मशीनसाठी. एरॉल गवतावर बसला आणि बुटाची लेस सोडायला लागला. खूप सावकाश, जणू ती लेस दुसऱ्या कुणाची होती आणि त्याला परत करायची होती.

एमिलीला ते बघवलं नाही. तिच्याकडे चार वर्षांपूर्वीची फायनलही होती, तेव्हा तिनं ड्रोन नवीन घेतला होता. "हा पण बघा," ती म्हणाली, "हाच माणूस आहे," आणि तिनं जुनी क्लिप स्क्रीनच्या दुसऱ्या अर्ध्यात लावली. दोन एरॉल एकाच वेळी सुटले.

अकरा ढांगा इकडे, अकरा तिकडे. दोघं पंपाच्या खोलीपासून तेवढ्याच अंतरावर येऊन वळले. फक्त जुन्या एरॉलच्या पलीकडे रेषा होती आणि नव्याच्या अलीकडे. जुन्या क्लिपमध्ये रेषेनंतर मोकळी जागा, मग एक वाकडा माड, मग पत्रा. नव्या क्लिपमध्ये रेषा, पत्रा, आणि पत्र्याच्या खूप आत, लॉनमध्ये, तोच वाकडा माड. त्याला दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या आणि खाली 'सेल्फी पॉइंट' अशी पाटी होती.

माड चालत नाहीत, एवढं वनस्पतिशास्त्र मला येतं.

दर पावसाळ्यात, गवत माजलेलं असताना, पत्रा दीड-दोन पावलं पुढे आला होता. आणि दर डिसेंबरात मी जाऊन त्याच्यापासून पाच पावलं मोजली होती. अचूक. मग त्याप्रमाणे आम्ही गोलही सरकवला होता. चोरी त्यांनी केली होती, आणि दर वर्षी फक्की मारून ती ठळक आम्ही केली होती.

"म्हणजे तो जगाचा प्रवाह नव्हता?" विघ्नेशनं मला हळूच विचारलं.

"नाही."

"माझी अडतीस पानं आहेत."

"पत्रा होता, विघ्न्या."

दिनानाथ काका शिट्टी तोंडात धरून स्क्रीनखाली उभे होते. आपलं शेत त्यांनी वरून कधी बघितलं नव्हतं. त्यांनी शिट्टी काढली. "शेठ, माझा माड तुमच्याकडे काय करतोय?"

"काका, ड्रोन वाऱ्यानं हलतो," शत्रुघ्न शेठ म्हणाले. "तसं काही असेल तर मोजणीचा अर्ज करा, सही मी आणून देतो. निवडून आल्यावर पहिलं काम तुमचं." मग माइकवर: "मंडळी, बिर्याणी उघडली आहे."

पत्र्यातलं गेट उघडलं. मला वाटलं होतं काहीतरी होईल. लोक एकमेकांकडे बघतील, कुणीतरी टी-शर्ट काढून फेकेल. लोकांनी रांग लावली. मला आमच्या गावात इतकी सुंदर रांग कधी दिसली नव्हती. होळीची टीम गेली, आमची गेली, लाइनमन झेंड्यासकट गेला. सगळे दिनानाथ काकांच्या जमिनीवर जाऊन, दिनानाथ काकांवर अन्याय झाल्याबद्दल हळहळत, लेग पीस शोधायला लागले.

"पण चांगलं नाही केलं शेठनं," माझ्या शेजारून जाताना एक काकू म्हणाल्या. "रायता आहे ना रे?"

शत्रुघ्न शेठ माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात शाल आणि नारळ होता. निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या गाडीत असतातच. "अनाउन्स कर," ते म्हणाले. "एरॉलचा सत्कार. एकवीस वर्षं खेळाची सेवा, आज निवृत्ती. त्याचं पण बरं होईल, विषय पण बदलेल. वाद कुणाला हवाय?"

मी माइक तोंडाजवळ नेला. खरं सांगायचं तर मी 'मंडळी' इतकं बोललोही.

मग मी एरॉलकडे बघितलं. तो लेस परत बांधत होता. यावेळी भराभर. उठला, फक्कीची बादली घेतली आणि गेटकडे निघाला.

"कुठे?" एमिलीनं विचारलं.

"मी बाहेर होतो की नव्हतो, ते बघायला."

दिनानाथ काका त्याच्या मागून गेले. लॉनमध्ये माडाच्या पलीकडे एक हातगाडी उभी होती, पानवाल्याची. काका तिच्या चाकाजवळ थांबले. "हद्द इथे होती," ते म्हणाले. "यतीन, टाक पावलं."

मी माइक शेठच्या हातात दिला, नारळाच्या वर. जाऊन पाच पावलं टाकली. नवरा-नवरी बसतात त्या स्टेजच्या कोपऱ्यावर माझं पाचवं पाऊल पडलं. तिथून एरॉलनं फक्की मारायला सुरुवात केली. पांढरी रेषा स्टेजच्या लाल कार्पेटवरून निघाली, सॅलडच्या टेबलाखालून गेली, दोन खुर्च्यांच्या मधून, एका माणसाच्या बुटांवरून. तो माणूस पाय उचलून जेवत राहिला.

"अरे, कार्पेट आहे ते," शत्रुघ्न शेठ म्हणाले. माइक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना कळलं की कार्पेट आहे.

कुणी अडवलं नाही. कुणी मदतही केली नाही. दोन्ही हातांत प्लेट असलेला माणूस दोन्हींपैकी काहीच करू शकत नाही.

रेषा पूर्ण झाली. एरॉल तिच्या आत, बुफेच्या टोकाला, लेफ्ट विंगला जाऊन उभा राहिला आणि बॉलसाठी हात वर केला. दिनानाथ काकांनी शिट्टी मारली. "चालू."

मैदानात कोणीच नव्हतं. हात रिकामे असलेला मीच होतो. बॉल सेंटरजवळ पडला होता. मी आयुष्यात कुणालाही सरळ पास दिलेला नाही. मी गेटमधून धावत मैदानात आलो आणि जमेल तेवढ्या जोरानं बॉल मारला. तो पत्र्यावरून गेला, पलीकडे काहीतरी सांडल्याचा आवाज आला, कुणीतरी "पनीर, पनीर" म्हणालं.

पत्र्याच्या फटीतून मला एरॉल सुटताना दिसला. माणसं प्लेटा सांभाळत बाजूला झाली. त्यानं खाली बघितलं नाही. रेषेला चिकटून तो वळला आणि क्रॉस मारला. बॉल पत्र्याच्या खूप वरून, वळत, संध्याकाळच्या उन्हातून आला आणि मैदानात गोलसमोर पडला. जिथे पडायला हवा तिथे. तीन माणसं डोकं लावायला उड्या मारतील असा. तिथे एक कुत्रा बसला होता. तो उठून बाजूला झाला.

लॉनमधून दिनानाथ काकांचा आवाज आला. मोठा नाही, पण जेवणाऱ्यांनाही ऐकू जाईल इतका.

"आत होता," ते म्हणाले.

एमिलीनं ड्रोन परत उडवला. फटीतून मी बघितलं, एरॉल परत बुफेच्या टोकाला गेला होता. त्याचा हात वर होता.

मी बॉल आणायला निघालो.