धरणं मागे घेतलेलं नाही

आमच्या दैनिकाच्या अ‍ॅपवर प्रत्येक बातमीचं दोन ओळींत सार येतं. ते यंत्र काढतं. धावपळीतल्या वाचकाची सोय, असं अकोल्याला बसणारे आमचे संपादक रविकांत सर सांगतात. मी प्रणाली, तालुक्याची बातमीदार. मी गावोगाव धूळ खात पाऊण पान लिहायचं आणि यंत्रानं त्याचा भुगा करायचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. पण नोकरी हवी होती म्हणून गप्प होते.

बोरसावंगीच्या बायांनी संध्याकाळच्या बससाठी फाट्यावर मंडप टाकून, भजनं म्हणत धरणं धरलं होतं. कॉलेज सुटायच्या आधीच शेवटची बस निघून जायची आणि पोरी जीपच्या मागे लटकून घरी यायच्या. दोघींचं कॉलेज घरच्यांनी बंदच केलं होतं. तिसरी होती सुभद्राबाईंची पौर्णिमा. दिवाळीपर्यंत बस आली तर ठीक, नाहीतर घरी बसायचं, असं तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं. म्हणून सुभद्राबाई सगळ्यांच्या पुढे होत्या.

अखेर डेपोचे साहेब गुरुवारी फाट्यावर यायला कबूल झाले. बुधवारी गावातल्या गंगूबाई वारल्या. गावात मयत असली की कुणाच्या घरी चूल पेटत नाही, मग मंडपात भजन कोण म्हणणार? बाया उठून मयतीच्या घरी गेल्या. मी लिहिलं, अंत्यविधीपुरतं धरणं थांबलं आहे, उद्या सकाळी महिला पुन्हा बसतील. यंत्रानं सार काढलं: ‘बोरसावंगीत वृद्धेचं निधन. महिलांचं धरणं मागे.’

साहेबांनी तेवढंच वाचलं. गुरुवारी ते फिरकले नाहीत आणि बोरसावंगीसाठी बाजूला ठेवलेली बस दुसऱ्या गावाला लावून मोकळे झाले.

मी सरांना फोन केला. सार बदलतो म्हणाले, पण कालची बातमी आज कोण उघडतं? वर म्हणाले, शंभरात एखादं चुकायचंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या एखाद्यात पौर्णिमाचं कॉलेज होतं.

सुभद्राबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, त्या माझ्यावरच उखडतील. त्यांनी पदर खोचला आणि बायांना टेम्पोत बसायला सांगितलं.

डेपोत साहेबांच्या खोलीत आम्ही सगळ्या शिरलो. मी छापील बातमी त्यांच्यापुढे धरली. एवढं वाचायला वेळ नाही, काय ते थोडक्यात सांगा, असं ते घड्याळाकडे बघत म्हणाले.

सुभद्राबाई फरशीवर मांडी घालून बसल्या. पाठोपाठ बाकीच्या बसल्या.

"थोडक्यातच आयका साहेब. पोरीले शिकवाचं हाये. बस पाह्यजे. भेटल्याबिगर आमी उठत नाई."

साहेब आधी चिडले, मग समजावू लागले, मग उद्या बघू म्हणाले. कुणी हललं नाही. शेवटी त्यांनी गाड्यांचं वेळापत्रक मागवलं.

मीही खाली बसले आणि तिथूनच बातमी पाठवली: बोरसावंगीच्या महिला डेपोत बसल्या आहेत. सरांचा लगेच फोन आला. कुठे आहेस म्हणाले, बायांसोबत खाली बसलेय असं मी सांगितलं. बातमीदारानं बातमी द्यायची, आंदोलनात बसायचं नाही, आत्ताच्या आत्ता उठ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी बजावलं.

"नाही उठत," मी म्हणाले.