कपाटातली हाडजोड

मित्रांनो, कागदावर दोऱ्याने टाचलेली वाळकी काडी दिसते ना, ती मी. उत्तर ध्रुवाच्या वाटेवरच्या एका दलदलीच्या रानातली. माझ्या कांड्याकांड्यांतून बारीक हिरव्या फांद्या लोंबत, म्हणून तिकडे मला रानातली घोडशेपटी म्हणत. मला फूल नाही, फळ नाही. अर्धं वर्ष बर्फाखाली काढायचं, उरलेलं शेवाळात पाय रोवून. कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

एका संशोधकाने मला उपटलं, कागदांत दाबलं आणि कीड लागू नये म्हणून अंगाला विष चोळलं. वळणदार अक्षरात माझं नाव, गाव लिहिलं. विषाचं तेवढं लिहिलं नाही. पुढे हिंगोलीच्या एका कॉलेजातून वाळवलेलं हळदीचं रोप तिकडे गेलं, त्याच्या बदल्यात मी इकडे आले. सुरुवातीला मुलं भिंग घेऊन यायची, "काय नाजूक आहे!" म्हणायची. मग भिंगं हरवली. मुलंही यायची थांबली.

परवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्रतिक्षा मॅडम आपल्या चार वर्षांच्या ऐश्वर्याला घेऊन कॉलेजात आल्या. पोरीचा हात प्लास्टरमध्ये, घरी बघायला कुणी नाही. साफसफाई करणाऱ्या सोजराबाईजवळ तिला बसवून त्या तासाला गेल्या. धूळ पुसायला सोजराबाईनं कपाट उघडलं आणि मला पाहून ती हरखलीच.

"आगं माय! ही तर हाडजोड! लेकराचा हात मोडला अन् ही इथं झोपून राहिली व्हय!"

मोडलेलं हाड सांधायला देतात ती वेलही अशीच कांड्यांची असते. तिनं माझा शेंडा मोडून कपभर दुधात कुस्करला.

"कडू आहे?" ऐश्वर्यानं विचारलं.

"न्हाई गं बाई. पिऊन टाक. उद्या आईला मारायला हात मोकळा!"

कप ओठांशी गेला आणि तास संपवून आलेल्या मॅडम मोडलेला शेंडा पाहून दारातूनच ओरडल्या, "मावशी, नको!"

धावत येऊन त्यांनी कप उडवला. पोरीचे ओठ पुसले, जीभ बाहेर काढायला लावली, पुन्हा पुन्हा पाहिली. थेंबही गेला नव्हता. तरी त्यांचे हात थांबेनात.

"जुन्या नमुन्यांना विष लावलेलं असतं हो!"

सोजराबाईनं पडलेला कप उचलून दूर ठेवला. "मग मला कोणी सांगितलं काहून न्हाई, मॅडम?"

विभागप्रमुख देविदास सर आले आणि तिच्यावरच खेकसले, "कपाटाला हात लावायला कुणी सांगितलं तुला?"

"त्यांना काय बोलता, सर? विष आहे असं कुठं लिहिलंय?"

"इतक्या वर्षांत काही झालं का? एवढी भीती वाटते तर जाळून टाका."

"धुरातूनही पसरेल."

"मग पुरा."

"मातीत उतरेल, सर."

वाळलेलं प्रत्येक झाड मातीला मिळतं, मित्रांनो. मला तेवढंही नाही.

मॅडमनी कपाटावर लाल अक्षरात 'विष' लिहून चिकटवलं. पाहणीला समिती येणार म्हणून सरांनी ते दुसऱ्याच दिवशी काढायला लावलं. सोजराबाईला दुसऱ्या इमारतीत धाडलं. तिच्या जागी नवी बाई आली आहे. तिलाही कुणी काही सांगितलेलं नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल तर खुशाल जपा. पण तिला काय चोळलंय ते आधी, झाडू मारणाऱ्या बाईला कळेल असं, सांगून ठेवा. किडीपासून मला वाचवणारे खूप भेटले. माझ्यापासून लेकराला वाचवायला मात्र एकटी आई धावली.