बारदान वजा जाता

ब्याऐंशी साली मी दोन पोरं घेऊन विमानाने मस्कतला निघाले, तेव्हा नाशिकच्या आमच्या घरात माझ्यापेक्षा बॅगांचीच काळजी जास्त होती. सासरे धोंडीराम कांदा मार्केटात मापाडी, गोण्या तोलण्यात जन्म गेलेला. विमानात माणशी वीस किलोच नेता येणार, म्हणून त्यांनी मार्केटातला काटा आणून आढ्याला टांगला आणि एकेक बॅग तोलून तिच्यावर खडूने आकडा टाकला. त्यांच्या वजनावर संशय घ्यायची कुणाची छाती नव्हती.

बॅगांत माझं असं एकच होतं, हाताने फिरवायचं शिलाई मशीन. शेजारणींची झंपरं शिवून शिवून ते घेतलं होतं. बाकी चुलतसासू आक्काबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, त्यांच्या तिकडच्या लेकासाठी, आणि सासूबाईंचे पापड-कुरडया. मस्कतला नोकरीला असलेला नवरा वाल्मीक मागच्या सुट्टीत मोठ्या मायेने म्हणाला होता की तिथे काळजी नको, कामावर जाताना तो खोलीला बाहेरून कुलूप लावून जाईल. तेव्हापासून ती खोली माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मशीन असलं तर तिच्यात दिवस तरी ढकलता येतील, एवढीच माझी आशा.

जीप दारात आली. कुवेतला राहून आलेला शेजारचा झुंबर बॅगा चढवायला आला. एक उचलून त्याने लगेच खाली ठेवली आणि ही वीस किलोची नाही म्हणाला. मामंजी म्हणाले, बारदान वजा जाता बरोबर वीस. कांद्यात गोणीचं वजन सोडतात, तसं त्यांनी प्रत्येक रिकाम्या बॅगेचं वजन सोडून दिलं होतं.

"तात्या," झुंबर हळूच म्हणाला, "इमानाला बारदान सुटत नाय. बॅगेसकट धरत्यात."

सगळ्या भावकीपुढे मामंजी गोरेमोरे झाले. बॅगा उघडल्या. काढायचं काय? बरण्यांपाशी आक्काबाई उभ्या, पापडांपाशी सासूबाई. मशीनपाशी मी उभी होते, पण सुनेला कोण मोजतं? सासूबाईंनी ते उचलून आत नेऊन ठेवलं.

"तिथं कुलपात बसून कुणाची झंपरं शिवशील, लता?"

मला सगळ्यांचा संताप आला होता, वाल्मीकचासुद्धा.

बाकीचं सामान इकडचं तिकडे करून मामंजींनी पुन्हा काटा लावला. आता वजन बरंच कमी भरलं. दोन बरण्या काढल्या असत्या तरी भागलं असतं, हे मला दिसलं आणि त्यांनाही दिसलं असणार. ते आत गेले. मशीन आतच होतं. ते आणायलाच गेले असतील, असं मला वाटलं.

ते पाटीभर कांदे घेऊन आले. बॅगेत एकेक टाकत राहिले. शेवटचा थोडा जड झाला, तर तो काढून त्यांनी लहान टाकला. सुई जागेवर येताच त्यांचा चेहरा खुलला. बॅगेला कुलूप लावून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"जपून ने," ते म्हणाले. "वाल्मीकच्याच हातात दे."