पटावरची तारीख

आमच्या गावातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मली, एक जुलैला. त्यात चमत्कार वगैरे काही नाही. ती सगळी मी आणि पूनमसिंग राठोड गुरुजींनी शाळेच्या रजिस्टरात जन्माला घातली. आईबापांना तारीख आठवत नसे. "पऱ्हाटी निंदून राह्यलो होतो तवा" असं काहीतरी कपाशीच्या निंदणीवरून सांगत, आणि रजिस्टरला तर तारीख लागतेच. मग लिहा एक जुलै. वय मोजायला सोपं जातं.

पण त्यातल्या एका पोराची खरी तारीख त्याच्या बापाला चांगली ठाऊक होती. तरी त्याने एक जुलै लिहिली, आणि स्वतःच्या हाताने. तो बाप म्हणजे मी. पोरगं म्हणजे आमचा अश्वजित.

गाव आमचं हायवेवरचं, केळापूर तालुक्यातलं. मी मास्तर म्हणून आलो तेव्हा फाट्यावर दोन चहाच्या टपऱ्या आणि एक पंक्चरचं दुकान होतं. मग नंदाबाईचा सुनील फौजेत लागला. दोन-तीन वर्षांत नंदाबाईचं कुडाचं घर पाडून स्लॅबचं उभं राहिलं आणि गावाला जे कळायचं ते कळलं. त्याच्यामागे अकरा पोरं गेली, मग तीस गेली. कोणी फौजेत, कोणी राखीव पोलिसात, कोणी सीमेवरच्या दलात. बँकेची शाखा आली, एटीएम आलं, सराफाने काचेचं दुकान टाकलं. वावरांचे प्लॉट पडले आणि ले-आऊटला नाव दिलं फौजी नगर. सुनील हवालदार होऊन परतला तेव्हा त्याने भरतीची अकादमी काढली. मग मारेगाव, झरी, राळेगावकडची पोरं इथं खोल्या करून राहू लागली. त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या, बुटांची दुकानं निघाली, दुधाचे आणि उकडलेल्या अंड्यांचे गाडे लागले. "आता आपलं गाव नाई राह्यलं, शहर झालं," असं लोक छाती फुगवून सांगायचे.

मी मेला तिरकस माणूस. म्हणायचो, अरे, या शहरात साध्या टाचणीचा कारखाना नाही. इथं सगळे दिल्लीतून निघालेल्या पगारावर जेवतात. फक्त माझा मुंबईतून निघतो, म्हणून मी स्वतःला शहाणा समजतो. लोक हसायचे आणि थोडे चिडायचेही.

हे मी गमतीत म्हणायचो. पगार जायची वेळ आली तेव्हा माझी गंमत कुठे गेली ते सांगतो.

त्या वर्षी जूनमध्ये आमच्या शाळेचा पट एकोणीसवर अडकला. वरून तोंडी निरोप आला होता की वीस भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाचं पद जाईल. पहिले शिक्षक पूनमसिंग गुरुजी, दुसरा मी. पद गेलं की मी अतिरिक्त, आणि अतिरिक्त माणसाला जिल्ह्याच्या कोणत्याही टोकाला फेकतात. माझी बदली पार उमरखेडकडे होणार अशी कुजबुज होती. घर नुकतंच बांधलेलं. सत्यशीला, माझी बायको, गावातल्याच अंगणवाडीत सेविका. आम्ही दोघे मास्तर महिनाभर दारोदार फिरलो. कोलामांच्या पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, दोन भाऊ आणले, एका घरातून जेमतेम बोलायला लागलेली पोरगी आणली. तरी विसावं डोकं मिळेना.

शेवटच्या दिवशी पूनमसिंग गुरुजी आमच्या ओसरीवर बसले होते. अश्वजित तिथेच मातीत बैलगाडी ओढत होता.

"लेका," गुरुजी म्हणाले, "गावभर हिंडून राह्यलो आपण. अन् विसावं पोट्टं तं तुह्या घरात खेळून राह्यलं."

सत्यशीला चहा घेऊन आली होती. ती तिथेच उभी राहिली. "त्याले अजून पाच वर्षं पुरी नाई झाली, गुरुजी. बावीस नोव्हेंबरचा हाये तो. माह्या रजिस्टरात लिवलेलं हाये."

"चार-पाच महिन्यानं काय होते वो?" मी म्हणालो.

"काई होत नाई तं राहू द्या ना पोराले घरी."

मी तिच्याकडे बघितलं नाही. रजिस्टर मागवलं. अक्षर माझं चांगलं, म्हणून नोंदी मीच करायचो आणि गुरुजी सही करायचे. जन्मतारीख या रकान्यात मी एक जुलै लिहिलं. माझं पद वाचलं. सत्यशीला आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि मग तीही विसरली. विसरली असं मला तरी वाटलं.

याला मी चूक म्हणत नाही. आमच्याकडे सगळेच मास्तर असं करायचे, पट भरायचे, पोटं भरायचे. चूक पुढे झाली.

अश्वजित नववीत होता. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी शाळेने पालकांना सांगितलं, नाव, जन्मतारीख तपासून घ्या, काही दुरुस्ती असेल तर आताच करा, नंतर होणार नाही. पोरगं घरी आलं आणि म्हणालं, "बाबा, माही तारीख दुरुस्त करून घेऊ ना. ग्रामपंचायतीत बावीस नोव्हेंबर हाये."

एका अर्जाचं काम होतं. पण अर्ज गेला की कोणीतरी विचारणार, मूळ नोंद कोणी केली? अक्षर कोणाचं? शिक्षक असून स्वतःच्याच मुलाची? माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शेवटच्या दोन वर्षांत कागदावर डाग लागला की पेन्शन अडकते, अशी उदाहरणं आम्ही मास्तर एकमेकांना भुताच्या गोष्टींसारखी सांगायचो.

"काही फरक पडत नाही त्यानं," मी त्याला सांगितलं. "पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

त्याने पुन्हा विचारलं नाही. मी मास्तर होतो आणि त्याचा बाप होतो. दोन्हीवर त्याचा विश्वास होता.

बारावी झाल्यावर तो सुनीलच्या अकादमीत जाऊ लागला. दुसरं काय करणार? त्याच्या वर्गातली सगळी मुलं तेच करत होती. पण नशीब बघा. तो अकरावीत असतानाच कोरोना आला होता आणि दोन वर्षं भरतीच झाली नव्हती. खोल्या रिकाम्या पडल्या, खानावळी बंद झाल्या, बुटांचं दुकान भाजीचं झालं. मग भरती निघाली ती चार वर्षांची. चार वर्षांनी बहुतेकांनी घरी यायचं. गाव आठ दिवस सरकारच्या नावाने बोटं मोडत बसलं आणि नवव्या दिवशी पुन्हा पळू लागलं. "चार तं चार," सुनील म्हणाला. "पगार तं येईन."

पहिल्या वर्षी अश्वजित धावण्यात काही सेकंदांनी राहिला. दुसऱ्या वर्षी लेखी परीक्षेत गेला. मग त्याने असा काही ध्यास घेतला की घरात आम्हाला त्याच्याशी बोलायची चोरी झाली. सोळाशे मीटर तो पाच मिनिटं अठरा सेकंदांत काढू लागला. सुनील एकदा मुद्दाम घरी येऊन सांगून गेला. "गुरुजी, यंदा अख्ख्या गावातून एक पोट्टं लागलं तं ते तुमचं असन." तो गेल्यावर सत्यशीला स्वयंपाकघरात जाऊन रडली. आनंदानेच रडली.

फेब्रुवारीत जाहिरात निघाली. दुपारी जेवायच्या वेळेला अश्वजित ऑनलाइनच्या दुकानातून परत आला आणि दारातच बसला. चपला काढल्या नाहीत.

"बाबा, फॉर्म घेऊन नाई राह्यला."

"काहून?" सत्यशीलाने आतून विचारलं. "लाइन गेली का?"

"माह्या सालात एक ऑक्टोबरच्या आंधी जन्मलेले बाद हायेत. वय बसत नाई."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, एखाद्याची साधी चूक सापडल्यावर येतं तसं. "मंग तू कायले भेतं? तू तं नोव्हेंबरचा हायेस."

अश्वजित चपलेचा पट्टा ओढत बसला. तिचं हसू हळूहळू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन आमची दोघांची ताटं वाढली. स्वतःचं वाढलं नाही.

फॉर्म भरायची मुदत वीस दिवस होती. दुसऱ्या दिवशी मी यवतमाळला पूनमसिंग गुरुजींकडे गेलो. थकले आहेत आता, कानाला यंत्र लावतात. सगळं ऐकून घेतलं.

"सही माही हाये अन् अक्षर तुहं," ते म्हणाले. "दोघंबी पेन्शनवर हाव. या वयात मले त्यात ओढू नको, बाप्पा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुह्याच पदासाठी केलतं ना आपण ते?"

तिथून मी शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथला बाबू भला माणूस होता. त्याने कागद चाळले, ग्रामपंचायतीचा दाखला बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "गुरुजी, दहावीच्या आंधी आले असते तं एका अर्जात झालं असतं. तुमी शिक्षक. तुमाले तं हे माहीत पाह्यजे."

मला माहीत होतं. हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आता उरलं कोर्ट. पांढरकवड्याला एक वकील गाठला. त्याने साफ सांगितलं, दाखला आहे, अंगणवाडीचं रजिस्टर आहे, पण नुसत्या कागदांवर वेळेत काही मिळणार नाही. खोटी नोंद करणारा माणूस स्वतः पुढे आला, मी जाणूनबुजून पद वाचवायला हे केलं असं प्रतिज्ञापत्रावर म्हणाला, तर तात्पुरता आदेश मिळू शकतो आणि फॉर्म भरता येतो.

"किती आशा आहे?" मी विचारलं.

"रुपयात चार आणे. पण गुरुजी, हे कागद मंग खात्यात जातीन. चौकशी लागन. पेन्शन किती दिवस अडकन ते मी नाई सांगू शकत."

मी म्हणालो, टाइप करा. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी एखादं धड काम करतोय असं वाटलं. परतीच्या बसमध्ये तो कागद मी चार वेळा वाचला. त्यात माझं नाव होतं आणि मी काय केलं ते चार ओळींत मांडलं होतं. खाली सहीची जागा कोरी होती. वकिलाच्या समोर सही करायची म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचं होतं.

सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून मी खुर्चीवर बसलो होतो. अश्वजित मैदानावरून आला. फॉर्म भरला जाणार नव्हता तरी तो रोज जातच होता. टेबलावरचा कागद त्याने उचलला आणि उभ्या उभ्याच वाचला. दोनदा वाचला बहुतेक, कारण वेळ लागला.

"हे देल्यावर पेन्शन बंद होईन?"

"अडकेल काही दिवस. चौकशी होईपर्यंत."

"किती दिवस?"

"ते सांगता येत नाही. पण तू त्याची काळजी करू नको. चूक माझी आहे, मी निस्तरीन."

सत्यशीला भिंतीला टेकून उभी होती. ती सही करा म्हणाली नाही आणि नका करू असंही म्हणाली नाही.

अश्वजितने कागद परत टेबलावर ठेवला. त्याचा आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा. "बाबा, आदेश भेटन का नाई, माहीत नाई. भेटला तरी मी लागन का नाई, माहीत नाई. लागलो तरी चार वर्षं. तुमची पेन्शन तुमी हाये तोवर हाये, अन् तुमच्यामांगं मायले हाये." त्याने कागद पालथा घातला. "राहू द्या. नोका जाऊ."

हे शहाणपण कोणी शिकवलं त्याला? मी शिकवलं, गावाने शिकवलं. वीस वर्षांचं पोरगं, ज्याने तीन वर्षं सकाळची झोप पाहिली नाही, ते स्वतःचे चार आणे माझ्या पेन्शनसमोर ठेवून तोलत होतं आणि कमी भरले म्हणून बाजूला सारत होतं.

नाही रे बाळा, मी जाणारच, असं म्हणायला मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, हेच म्हणायचं होतं. पण शब्दांच्या आधी छातीतून श्वास सुटला. मोठा, मोकळा, सुटकेचा. बुडता बुडता पाय तळाला लागावेत तसा. मी तो आवरू शकलो नाही.

अश्वजित माझ्याकडेच बघत होता. त्याने तो श्वास ऐकला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी आयुष्यभर तो सहन केला असता. राग आला नाही. त्याने फक्त मान हलवली, जणू कागदात लिहिलेलं आता पुरतं पटलं, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.